पाणी येतं कुठून?

जुन्या गाडीत पावसाचं पाणी शिरतं, हे ज्यांच्या दारात जुनी गाडी उभी आहे त्यांना सांगायला नको. मॅट उचलली की खाली ओल, दार उघडलं की कुबट वास, सकाळी काचांवर आतून धुकं. यावर बहुतेक घरांत दोनच उपाय होतात. एक, ‘जुनी आहे, चालायचंच’ म्हणणं. दुसरा, गॅरेजवाल्याकडून सीलंटची एक ट्यूब दिसेल त्या फटीत फासून घेणं. आमच्या गाडीवर हे दोन्ही उपाय अनेक वर्षं चालू होते. यंदाच्या पावसाळ्यात मी तिसरा केला. पाणी नेमकं कुठून येतं ते शोधून काढलं. त्याला गणपतीच्या सुट्टीचे पाच दिवस आणि पुढे सप्टेंबरमधले काही रविवार लागले. आपल्या कोकणात अजून बऱ्याच अंगणांत ताडपत्रीखाली एखादी पद्मिनी, एखादी अँबेसेडर आहे, आणि ती कुणाच्या तरी वडिलांची आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६ची. अब्बांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, घेतलेली. ते मालवाहू जहाजांवर इंजिन रूममध्ये फिटर होते. त्या काळी गाडीसाठी नंबर लावून वाट बघावी लागे. मारुती बाजारात येऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण अब्बांना ‘पत्र्याची’ गाडी हवी होती. मारुतीला ते आजही ‘डबी’ म्हणतात. पद्मिनी मूळची इटलीची फियाट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ साली फियाट ११०० डिलाइट आली, सत्तरच्या दशकात तिचीच आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला लागून गिअरची दांडी. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्यांच्या ओळखीची. ऑक्टोबर २०२३ अखेर तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली, तेव्हा अब्बांनी ती बातमी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली.

पण आमच्याकडे ती हौसेची गाडी नाही. अब्बांचं वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही गुडघे गेलेले. हल्लीच्या बुटक्या गाड्यांत त्यांना वाकून शिरता येत नाही, आणि रिक्षात खड्ड्यांचा हिसका बसला की दोन दिवस झोपून. पद्मिनीची सीट खुर्चीसारखी उंच आणि सरळ आहे. पाठ टेकवून बसायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा, झालं. त्यांची थोरली बहीण, आमच्या फूफी, खाडीपलीकडच्या गावात अंथरुणाला खिळलेल्या आहेत. पंधरा दिवसांतून एकदा त्यांना भेटणं हा अब्बांचा नेम होता. जुलैमध्ये गाडीत बसलं की त्यांना खोकल्याची उबळ यायला लागली. डॉक्टरांनी ओल आणि बुरशीपासून लांब राहायला सांगितलं. जुलैअखेर भेटी थांबल्या. फूफी फोनवर विचारायच्या, “भाई, रुसलास का?” अब्बा म्हणायचे, “पाऊस आहे.”

कुवेतहून मुलांच्या अब्बूंचं म्हणणं स्पष्ट होतं. विकून टाका. एक भंगारवाला येऊन गेलाही. त्याने गाडीचा भाव वजनावर सांगितला. अब्बा काही बोलले नाहीत, फक्त त्याला चहा न विचारता आत निघून गेले. आमच्या घरात पाहुण्याला चहा न विचारणं म्हणजे काय ते आम्हाला कळलं.

दुसरा एक माणूस आला तो पत्रेवाला. त्याने मागच्या सीटसमोरची मॅट उचलली, पेचकसाचं टोक पत्र्यावर दाबलं, आणि ते आरपार गेलं. खालची माती दिसली. “फ्लोअर कापून नवा टाकावा लागेल, वीस हजार धरा,” तो म्हणाला. हे सगळं तो माझ्या दहावीतल्या मुलाला सांगत होता. प्रश्न मी विचारायचे, उत्तर त्याच्याकडे बघून यायचं. मुलगा बिचारा मान डोलवायचा.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पद्मिनीला जीप किंवा ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तिचा तळाचा पत्रा, दाराखालचे उंबरठे, खांब, छत हे सगळं मिळूनच गाडीची ताकद. तळ कुजला म्हणजे केवळ भोक पडलं असं नाही, गाडीचा कणाच खिळखिळा होऊ लागला. शिवाय पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करावी लागते. आमची पुढची २०२६मध्ये. तपासणीत तळ कुजलेला दिसला तर पुढचं बोलायलाच नको.

म्हणून मी पत्रेवाल्याला विचारलं, “नवा पत्रा टाकला आणि पाणी येतच राहिलं तर?” त्याने खांदे उडवले. मला त्यातच उत्तर मिळालं. वीस हजार खर्चून नवा पत्रा पुन्हा त्याच पाण्यात ठेवण्यात अर्थ नव्हता. आधी पाणी, मग पत्रा.

आता पाणी शोधायचं म्हणजे काय, हे कौलारू घरात वाढलेल्या माणसाला लवकर कळतं. कौल फुटतं एकीकडे, पाणी वाशावरून सरकत जातं आणि ठिपकतं चार हात लांब, नेमकं धान्याच्या पिंपावर. ठिपका पडतो त्याच्या बरोबर वर चढून कौल बदललं तर हाती काही लागत नाही. गाडीतही तसंच. फरक इतकाच, की गाडीत वासे दिसत नाहीत. पाणी अस्तराखालून, वायरींवरून, नमद्यातून जातं, आणि गाडी जशी उतारावर उभी असेल तसं शेवटी कुठल्या तरी कोपऱ्यात साठतं. ओल दिसते ती जागा म्हणजे पाण्याचा मुक्काम असतो. ते निघालं कुठून, हे तिथे कळत नाही.

आमच्या गाडीत पाणी साठायचं डाव्या बाजूला, मागच्या सीटसमोर. साहजिकच सगळ्यांचा संशय मागच्या डाव्या दारावर. गेल्या वर्षी एका गॅरेजने त्या दाराला जाडजूड नवं रबर बसवून दिलं. इतकं जाड, की दार आपटल्याशिवाय लागेना, आणि आपटूनही खालचा कोपरा जरा उघडाच राही. पाणी होतं तसंच. त्याच माणसाने पुढच्या काचेभोवती सिलिकॉनची पांढरी रेघ ओढली होती, हळदीच्या दिवशी कुणी घाईत मेंदी काढावी तशी. याबद्दल एक सांगून ठेवते. ज्या सिलिकॉनला सिरक्यासारखा वास येतो, ते सुकताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडतं. उघड्या लोखंडाला ते गंज आणतं. शिवाय जुन्या, तेलकट, दमट रबरावर ते धरत नाही. वरून बंद दिसतं, आणि एखाद्या ठिकाणी सुटलं की त्याच्यामागे शिरलेलं पाणी तिथेच अडकून बसतं. ट्यूब फासणं हा उपाय वाटतो, पण त्याने पुढच्या माणसाचं शोधणं अवघड होतं.

सुट्टीच्या पहिल्या दिवशी आम्ही गाडी रिकामी केली. मी, मुलगा, आणि नववीतली मुलगी. अब्बा ओसरीवर खुर्ची टाकून देखरेखीला. सीटा काढल्या, मॅट काढल्या, मॅटखालचा तागाचा नमदा काढला. तो नमदा दोघांनी उचलावा लागला इतका पाणी पिऊन जड झाला होता. वरून हात लावला तर जेमतेम ओला, पिळला तर बादलीभर. खरं सांगायचं तर अब्बांच्या खोकल्याचं घर तेच होतं. पाऊस थांबला तरी हा नमदा आठवडेच्या आठवडे ओल धरून बसतो, आणि काचांवर सकाळी जे धुकं दिसतं तेही त्याच्याच ओलीचं. तो आम्ही फेकून दिला. त्यावर उन्हाचा उपाय करून उपयोग नव्हता.

मग दोन दिवस सगळी दारं उघडी आणि आत टेबलफॅन. हे वाळवणं टाळता येत नाही. आत आधीच ओल असेल तर नवं पाणी कोणतं आणि जुनं कोणतं हे कसं कळणार? फळा पुसल्याशिवाय नवा धडा लिहिता येत नाही, तसं.

दरम्यान आणखी एक खात्री करून घेतली, की हे पाणीच आहे. जुन्या गाडीत ब्रेकचं तेल गळतं, रेडिएटरचं पाणी गळतं. बोटांत चोळून पाहिलं, वास घेतला. तेलकट नाही, गोडसर वास नाही, रंग नाही. आमच्या गाडीत हीटर नाही, त्यामुळे रेडिएटरचं पाणी आत यायला वाटच नाही. म्हणजे पाऊसच.

आता साधनं. महागडं काहीच नाही. छतावरच्या टाकीला जोडलेली बागेची नळी, टोकाला काही न लावता. धार हळू हवी, पावसासारखी. गाड्या धुण्याचा जोराचा फवारा मारला तर तो चांगल्या रबरातूनही पाणी आत घालतो आणि भलतंच निष्कर्षाला येतं. एक टॉर्च. रद्दी, आमच्याकडे उर्दू आणि मराठी दोन्ही वर्तमानपत्रं येतात, त्यामुळे तुटवडा नाही. आणि रंगीत खडूंची भुकटी. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. खडूचे तुकडे आमच्या घरात साखरेच्या डब्यातही सापडतात. पिवळे, लाल, निळे वेगवेगळे कुटून घेतले.

वायरींजवळ पाणी जाणार म्हणून बॅटरीची एक तार काढून ठेवली. गाडी अंगणातल्या उतारावरून ढकलत रस्त्याकडेच्या सपाट जागेवर आणली. आत तळाच्या कोरड्या पत्र्यावर वर्तमानपत्रं पसरली. वर्तमानपत्राचा कागद ओला झाला की लगेच काळपट दिसतो. एक थेंबही लपत नाही.

आणि मग नियम. पाणी खालून वर न्यायचं. आधी उंबरठा, मग दाराचा खालचा अर्धा भाग, मग वरचा, मग काच, शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं, घड्याळ लावून. सुरुवातच छतापासून केली तर पाणी सगळ्यावरून ओघळतं आणि कुठल्या भोकातून आत गेलं ते सांगता येत नाही. खालून गेलं तर ज्या पायरीवर कागद काळा होईल, वाट त्याच पायरीवर. मुलगा नळीवर, मुलगी आत टॉर्च घेऊन, मी वहीत वेळ लिहिते. अब्बांना हे सगळं पटत नव्हतं. “काचेचं रबर आहे ते, मी चाळीस वर्षं ही गाडी ओळखतो. काचेवर मारा पाणी.” मी म्हटलं, “अब्बा, काचेचा नंबर येईल. रांगेत आहे.”

मागचं डावं दार. खालचा भाग, काही नाही. दाराच्या काचेच्या खालच्या पट्टीवर धार धरली, सहाव्या मिनिटाला आतून मुलगी ओरडली. दाराच्या आतल्या पुठ्ठ्याच्या खालच्या कडेवरून पाण्याची बारीक रेघ उंबरठ्यावर येत होती. म्हणजे गाडीच्या चौकटीतून नव्हे, दाराच्या पोटातून.

दाराबद्दलची ही माहिती मला नवी होती आणि फार कामाची वाटली. दाराच्या आत पाणी जातच असतं. काच वर-खाली होते तिथे फट राहणारच. तिला लावलेली पट्टी बहुतेक पाणी अडवते, सगळं नाही. गाडी बनवणाऱ्यांना हे माहीत असतं. म्हणून दाराच्या तळाला निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात, आणि आतल्या पुठ्ठ्यामागे एक प्लास्टिकचा पडदा असतो. पाणी काचेवरून दारात, पडद्याच्या पलीकडून खाली, भोकांतून बाहेर. दार आतून ओलं होणं हा दोष नाही. निचरा न होणं हा दोष.

पुठ्ठा काढला. पडदा गायब. कधीतरी काचेचं मशीन दुरुस्त करताना कुणीतरी काढला आणि परत लावला नाही. आणि तळाची भोकं? गंज लागू नये म्हणून कधीकाळी मारलेल्या काळ्या डांबरी रंगाने ती पूर्ण बुजलेली. मुलाने दार हलवून पाहिलं तर आत शहाळ्यासारखं पाणी डुचमळलं. छत्रीची काडी घेऊन त्याने एकेक भोक मोकळं केलं. पहिल्या भोकातून जी धार लागली ती दीड मिनिट चालली. अब्बा खुर्चीतून उठून काठी टेकत जवळ आले. “बिल्ज,” ते म्हणाले. जहाजाच्या तळाशी पाणी साठतं तो भाग. “बिल्जचा पंप बंद, आणि आपण डेक रंगवतोय.” त्यानंतर त्यांनी दिवसभर काचेच्या रबराचं नाव काढलं नाही.

चारही दारं तपासली. तीन दारांची भोकं बुजलेली होती. जाड प्लास्टिक कापून चारही दारांना नवे पडदे लावले. पडद्याची खालची कड पुठ्ठ्याच्या बाजूला लोंबती ठेवायची नाही, ती पत्र्यातल्या फटीतून दाराच्या पोटात खोचायची, म्हणजे पडद्यावरून ओघळणारं पाणी आत दारातच पडतं. ते नसेल तर पडदा असून नसल्यासारखा. त्या गॅरेजने बसवलेलं जाड रबर काढून बेताच्या जाडीचं बसवलं. रबर नीट दाबलं जातंय का हे बघायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. घट्ट ओढावी लागली तर ठीक, सरकन आली तर तिथे फट. आम्ही जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पट्ट्या वापरल्या.

तिसऱ्या रात्री पाऊस झाला. गाडी पुन्हा अंगणात, नेहमीच्या जागी होती. सकाळी मागच्या डाव्या कोपऱ्यातला कागद काळा. पूर्वीपेक्षा कमी, पण काळा.

मुलं हिरमुसली. मी नाही, कारण कागद कोपऱ्याच्या मधोमध ओला होता आणि दाराकडची कड कोरडी होती. पाणी दाराकडून आलेलंच नव्हतं. मग खडू. पुढच्या सीटसमोर तळावर पिवळ्या भुकटीचा आडवा पट्टा मारला, सीटखाली निळ्याचा, मागे लाल. पुढच्या सरीनंतर बघितलं तर पिवळा पट्टा डाव्या बाजूला फुटलेला, पिवळं पाणी निळ्यात, निळं-पिवळं लालमध्ये. अंगणाच्या उतारामुळे आमच्या गाडीचं नाक वर आणि शेपूट खाली असते. पाणी येत होतं पुढे आणि साठत होतं मागे. वर नमदा, त्यावर मॅट. पुढे हात लावला तर काही कळायचं नाही. इतकी वर्षं सगळे मागचं दार दुरुस्त करत होते.

आता पुढचा भाग. अब्बांचा पुढच्या काचेचा नंबर अखेर आला. काचेच्या रबराच्या खालच्या कडेला दहा मिनिटं, काही नाही. बाजूंना, काही नाही. वर, काही नाही. अब्बा बघत होते. मग काचेच्या खाली, जिथे वायपरच्या दांड्या पत्र्यातून बाहेर येतात, तिथे धार धरली. आत मुलगी डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून टॉर्च मारत होती. दोन मिनिटंही झाली नाहीत. “अम्मी, थेंब वायरीवरून चालतोय!”

मी वाकून पाहिलं. खरंच चालत होता. डाव्या वायपरच्या दांडीला जिथे रबरी वायसर असतो तिथून थेंब उतरायचा, वायरींच्या जुडग्यावर पडायचा, जुडगा जसा सैल लोंबत डावीकडे गेला होता तसा त्याच्यावरून सरकत कोपऱ्यापर्यंत जायचा आणि तिथून गुपचूप तळावर. पाठोपाठ दुसरा. मुंगळ्यांची रांग जशी. पावसाळाभर, रात्र रात्र, एकेक थेंब. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यातला किती या एका भोकाने घेतला असेल कोण जाणे.

वायसर काढला तर तो दगडासारखा कडक, तडा गेलेला. तो मिळवायला मात्र वेळ लागला. तालुक्याला नाही, रत्नागिरीला नाही. शेवटी मुंबईतल्या माझ्या भावाने कुर्ल्याला सीएसटी रोडवर दुकानं पालथी घातली. फियाट जिथे बनत असे त्या कुर्ल्यातच. दोन वायसर, अधिक मागच्या दिव्यांची रबरं, सगळं मिळून तीनशेच्या आत. कुरिअर त्याहून फार स्वस्त नव्हतं.

मागच्या दिव्यांची रबरं कशाला, तर डिकीसाठी. डिकीतही पाणी होतं, स्टेपनी ठेवतात त्या खोलगट जागेत. डिकीत माणूस बसवून बघायची पद्धत काही ठिकाणी आहे. ती करू नका, मुलांना तर चुकूनही आत बसवू नका. आम्ही आत लाल भुकटी भुरभुरवली, मोबाइलचा दिवा लावून व्हिडिओ सुरू केला, मोबाइल उंच डब्यावर ठेवला, झाकण लावलं आणि बाहेरून पाणी. डिकीच्या झाकणाचं रबर निर्दोष निघालं. डावा दिवा मात्र गळत होता. व्हिडिओत नवव्या मिनिटाला लाल भुकटीत एक ओघळ उमटताना दिसतो. मुलाने तो व्हिडिओ कुवेतला पाठवला. तिकडून एकच ओळ आली: “गाडी विकायचं राहू दे सध्या.”

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण सप्टेंबरमध्ये पुन्हा ओल आली. या वेळी उजवीकडे, चालवणाऱ्याच्या पायाशी. आणि गंमत म्हणजे उभ्या गाडीत नाही. रात्रभर पाऊस पडला तरी कागद कोरडा, आणि बाजारात जाऊन आलं की ओला. नळीने कितीही पाणी मारलं तरी एक थेंब नाही. तेव्हा हे पाणी आकाशातून नव्हे, रस्त्यावरून येत असणार. गाडी डबक्यातून गेली की चाक पाणी खालून उडवतं. गाडी खाली बघितली तर तळातल्या एका गोल भोकाचं रबरी बूच पडून गेलेलं. मॅटखाली असल्याने आतून दिसत नव्हतं. नवं बूच, कडेने सीलंट, काम झालं. हे सीलंट तेवढं मी स्वतः लावलं. सिरक्याच्या वासाचं नव्हे.

मग गंजाचं काम. तारेच्या ब्रशने घासून सुटा गंज काढला, राहिलेल्यावर गंज बदलणारं औषध, त्यावर रेड ऑक्साइडचे दोन हात. कुजलेला भाग शेवटी वाटला होता त्याहून लहान निघाला, साधारण दोन तळहातांएवढा. पत्रेवाला पुन्हा आला, त्याने बघितलं आणि संपूर्ण फ्लोअरऐवजी ठिगळ चालेल म्हणाला. सहा हजार. या वेळी तो माझ्याशी बोलला. पाणी कुठून येत होतं हेही त्याने विचारलं, आणि वायपरचं ऐकून थोडा वेळ गप्प राहिला. त्याच्याकडे दुसरी एक पद्मिनी कामाला आली होती म्हणे, मागचं दार गळतं म्हणून.

अब्बा सप्टेंबरच्या चौथ्या रविवारी फूफींकडे जाऊन आले. तासभर जाणं, तासभर येणं, वाटेत दोन जोरदार सरी. मी चालवत होते, ते शेजारी, पायाखाली उर्दू वर्तमानपत्र. पूर्ण रस्ताभर ते खिडकीबाहेर न बघता खाली त्या कागदाकडे बघत होते. फूफींच्या दारात गाडी थांबल्यावर त्यांनी तो उचलून माझ्या हातात दिला. कोरडा होता. मग एकेक पाय बाहेर काढत म्हणाले, “काचेचं रबरही बदलून टाक, बेटा. कधीतरी जाणारच ते.”

ठिगळाचं काम दिवाळीनंतर आहे; पत्रा पूर्ण वाळल्याशिवाय वेल्डिंग करू नये. नवा नमदा आणून ठेवला आहे, पण तो एवढ्यात टाकणार नाही. पुढच्या पावसाळ्याचा पहिला महिना तळ उघडाच ठेवायचा आणि रोज सकाळी कागद बघायचा, असं ठरलंय. ते काम मुलीने मागून घेतलं आहे.